अनाथाश्रमात वाढलेल्या मेबॅकने गाडीला रेडिएटर दिला, आपण त्यात बोअरचं पाणी ओततोय

मेबॅक म्हटलं की डोळ्यांसमोर येते रीलमधली कोट्यवधींची गाडी. पण हे नाव आधी एका माणसाचं होतं. जर्मन लोक त्याला मायबाख म्हणतात. तुमच्या लिक्विड-कूल्ड बाईकचा रेडिएटर आज ज्या कल्पनेवर चालतो, ती त्याने सव्वाशे वर्षांपूर्वी कामाला लावली.

विल्हेल्म मेबॅकचा जन्म १८४६ चा, जर्मनीतल्या हाइलब्रोन शहरातला. वडील सुतार होते. दहा वर्षांचा होईपर्यंत आई गेली, वडीलही गेले. पोरगं रॉयटलिंगेनच्या एका आश्रमात आलं. गुस्ताव वेर्नर नावाच्या धर्मगुरूने चालवलेल्या या आश्रमात मुलांना कामही शिकवायचे. विल्हेल्म तिथे यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकला.

तिथल्या कारखान्याची जबाबदारी गॉटलीब डाइमलरकडे आली. वयाने बारा वर्षांनी मोठ्या डाइमलरने या पोराचा हात ओळखला आणि दोघांची जोडी जमली ती कायमची.

१८८२ साली दोघांनी चांगल्या नोकऱ्या सोडल्या आणि कानश्टाटला डाइमलरच्या बागेतल्या काचघरात वर्कशॉप थाटलं. दिवसरात्र ठोकाठोक चालायची. माळ्याला वाटलं, हे खोटी नाणी पाडतायत. पोलिसांनी धाड टाकली, सापडली फक्त इंजिनं.

त्यातलंच एक इंजिन १८८५ मध्ये लाकडी सांगाड्यावर बसवलं. २६४ सीसी आणि ताकद जेमतेम अर्धा हॉर्सपॉवर. जगातली पहिली पेट्रोल मोटरसायकल म्हणून आज तिचंच नाव घेतात. इंजिन सीटखालीच असल्याने चालवताना सीटने पेट घेतला, असंही सांगतात.

इतक्या छोट्या इंजिनाला हवेने थंड करणं पुरायचं. ताकद वाढली तशी उष्णताही वाढली. पाणी वापरलं तर ते उकळून उडून जायचं, वाटेत परत भरावं लागायचं. जास्त पाणी न्यायचं तर गाडी जड व्हायची.

मार्च १९०० मध्ये फ्रान्समधल्या नीसजवळच्या शर्यतीत डाइमलर कंपनीच्या गाडीला अपघात झाला आणि चालक विल्हेल्म बाउअर गेला. त्याच महिन्यात गॉटलीब डाइमलरही वारला. कंपनीचा मोठा गिऱ्हाईक एमिल येलिनेक याला नवी, बुटकी आणि ताकदवान गाडी हवी होती. ती बनवायची जबाबदारी आली मेबॅकवर, आणि सोबतीला जुना मित्र नव्हता.

मेबॅकने ३५ हॉर्सपॉवरची गाडी केली. येलिनेकच्या मुलीवरून तिचं नाव पडलं मर्सिडीज. तिच्या पुढ्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता. ६ मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना डाग देऊन जोडलेल्या. नळ्यांमधून वारा जायचा आणि त्यांच्यामधल्या बारीक फटींतून पाणी फिरायचं. पाण्याचा थर पातळ, वाऱ्याला लागणारी जागा भरपूर. त्यामुळे जेमतेम ९ लिटर पाण्यात काम भागलं.

आजच्या बाईकची बनावट वेगळी आहे. तिच्यात चपट्या नळ्यांतून कूलंट फिरतं आणि बाहेरून वारा लागतो. पण तत्त्व तेच आहे, वाटा बारीक ठेवायच्या. आणि दुखणंही तिथेच आहे.

बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की ते आतून चिकटतात, गीझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा थर. हा थर उष्णता अडवतो आणि वाटाही बुजवतो. शिवाय साध्या पाण्यात गंज रोखणारं रसायन नसतं, त्यामुळे धातू खाल्ला जातो.

थर हलका असेल तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर जुनं कूलंट काढायचं. रेडिएटर फ्लश किंवा पाण्यात विरघळवलेलं सौम्य सायट्रिक ॲसिड फिरवायचं आणि पाणी नितळ येईपर्यंत डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं. मग मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट भरायचं. टॉयलेट क्लीनरचं ॲसिड चुकूनही नको, ते ॲल्युमिनियम खातं. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. काढलेलं कूलंट उघड्यावर ओतू नका. चवीला गोड पण विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि जीव जातो.

मेबॅकचं पुढे काय झालं? मित्र गेल्यावर कंपनीत त्याला बाजूला सारलं गेलं आणि १९०७ मध्ये तो बाहेर पडला. पण थांबला नाही. १९०९ मध्ये मुलगा कार्लला घेऊन त्याने झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी इंजिनं बनवायला घेतली. मेबॅक नावाची गाडी १९२१ मध्ये आली, ती कार्लच्या हाताखाली. म्हणजे ज्या गाडीमुळे आपल्याला हे नाव माहीत आहे, ती बापाची नाही, लेकाची.

२९ डिसेंबर १९२९ ला विल्हेल्म मेबॅक गेला. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहे, तिथेच त्यालाही पुरलं.

मेबॅक घेणं आपल्या खिशाला परवडणारं नाही. पण त्याच्या डोक्यातली एक गोष्ट तुमच्या बाईकला पुढच्या बाजूला लावलेली आहे. तिच्यात निदान बोअरचं पाणी तरी ओतू नका.