श्वासावरचे नाम : गुरुदेव रानडे

रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडीस झाला. घरात मराठी, बाजारात कानडी. आपल्याकडच्या वाचकाला हे निराळे सांगावयास नको. १९०१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतले. ही परंपरा निंबर्गी महाराजांची. मूळ बोध कानडीतला, आणि नित्यवाचनात समर्थांचा दासबोध!

साधन दिसावयास अगदी सोपे. स्थिर बसावे, दृष्टी नासाग्री ठेवावी, आणि गुरूने दिलेले नाम ओठ न हलविता श्वासाबरोबर मनात घ्यावे. श्वास कोंडावयाचा नाही, लांबवावयाचा नाही. तो आपल्या चालीने येईल-जाईल, नामाने त्याची सोबत करावयाची. मिनिटाला पंधरा या जुन्या हिशेबाने दिवसाचे २१,६०० श्वास होतात. त्यांतला एकही रिता जाऊ नये, हा आदर्श. ज्याला हे सोपे वाटत असेल त्याने पाच मिनिटे बसून पाहावे. चौथ्या-पाचव्या श्वासालाच मन गावभर हिंडून येते.

डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर रानड्यांना गंभीर दुखण्याने गाठले. अभ्यास खुंटला, जगण्याचीच शाश्वती उरली नाही. तोवर नाम हा नेम होता, आता तो आधार झाला. एम. ए. होण्यास १९१४ साल उजाडले, आणि त्याच वर्षी भाऊसाहेब महाराज निवर्तले. दुसरा एखादा विद्वान येथे स्वतःच गुरू होऊन बसला असता. रानडे मात्र वडील गुरुबंधू अंबुराव महाराजांच्या छायेत राहिले, आणि १९३३ साली ते गेल्यानंतरच लोकांना नाम देऊ लागले. मला त्यांच्या सर्व ग्रंथांहून ही एकोणीस वर्षे मोठी वाटतात.

ग्रंथ काही थोडेथोडके नव्हेत. फर्ग्युसन व विलिंग्डन महाविद्यालयांत त्यांनी तत्त्वज्ञान शिकविले. पुढे अलाहाबाद विद्यापीठात ते विभागप्रमुख व काही काळ कुलगुरूही होते. उपनिषदांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली आला, महाराष्ट्रातील संतांवरचा १९३३ साली. ज्ञानेश्वर-तुकारामांना दिसलेला प्रकाश, ऐकू आलेला नाद यांकडे ते कवीची कल्पना म्हणून पाहत नाहीत. पडताळून पाहावा असा अनुभव म्हणून त्याची मांडणी करतात. पडताळा पाहावयाची जागा कोणती, हे त्यांना ठाऊक होते. स्वतःच्या अनुभवाविषयी मात्र ते फारसे बोलत नसत.

सुटी लागली की अलाहाबादहून ते विजापूर जिल्ह्यातल्या निंबाळास येत. सोलापूर-विजापूर मार्गावरचे ते लहानसे स्टेशन, भोवती कोरडे माळरान. निवृत्तीनंतर तेथेच राहिले. ६ जून १९५७ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. कानडी संतांवरचा त्यांचा ग्रंथ पश्चात, १९६० साली, प्रसिद्ध झाला.