एक्स-रेआधीचा प्रश्न

पिंपळगाव रेणुकाईहून भोकरदनला तपासणीसाठी गेलेल्या बाईला एक्स-रे काढायच्या आधी विचारतात, दिवस गेलेत का? ही खबरदारी मुख्यतः डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांच्यामुळे आली.

1906 मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डला त्यांचा जन्म. आई-वडील दोघंही डॉक्टर, घरात आठ भावंडं. केंब्रिजला शिकून त्या पुढे ऑक्सफर्डला संशोधनात आल्या. तेव्हा मुलांमधला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, वाढत होता आणि कारण कुणालाच सापडत नव्हतं. ॲलिसबाईंनी ठरवलं, आयांनाच विचारायचं. हाताशी फक्त 1,000 पौंड होते. आणि ते दिले कुणी? लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टने! मेहरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियानेच गेल्या, त्यांच्या नावाने दोराबजींनी काढलेला हा ट्रस्ट. म्हणजे या शोधात आपल्या मुंबईचा पैसा आहे, आणि हे आपल्याला कुठल्याच पुस्तकात शिकवत नाहीत.

कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या आया आणि धडधाकट मुलांच्या आया, दोघींना एकच प्रश्नावली दिली. गेलेल्या मुलांच्या आयांमध्ये गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या जवळपास दुप्पट निघाल्या. त्या काळी बाळ कसं आहे, कमरेचं हाड पुरेसं रुंद आहे का, हे बघायला सर्रास एक्स-रे काढत.

डॉक्टर मंडळी भडकली. मूल गमावलेल्या आईला जास्तच आठवतं, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप तसा फालतू नव्हता. पण 1962 मध्ये हार्वर्डच्या ब्रायन मॅकमहन यांनी आठवणी बाजूला ठेवून हॉस्पिटलच्या नोंदी तपासल्या, तरी धोका दिसलाच. तरीही ही सवय सुटायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

गंमत बघा, ॲलिसबाईंचा मोठा अहवाल जून 1958 मध्ये छापून आला आणि त्याच महिन्यात ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा अल्ट्रासाउंडवरचा लेखही. आज आपण जिला सोनोग्राफी म्हणतो, ती हीच. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो, ध्वनिलहरी असतात. एमआरआयमध्येही नसतो. छातीच्या किंवा हाताच्या एक्स-रेतून बाळापर्यंत अगदी नगण्य मात्रा पोचते, पोटाच्या सीटी स्कॅनमधून मात्र बरीच जास्त. म्हणून अपघात झाला, न्यूमोनियाची शंका आली, तर डॉक्टर गरोदर बाईचाही एक्स-रे काढतात. तिथे तपासणी टाळणंच महागात पडू शकतं.

ॲलिसबाई नंतर अमेरिकेतल्या अणुकारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्याच्या मागे लागल्या, तिथल्या सरकारशी भांडल्या. 2002 मध्ये, 95 व्या वर्षी त्या गेल्या.