हाजी मस्तान : गोदीतल्या हमालापासून ‘डॉन’पर्यंत

कोंढवा असो की मोमीनपुरा, आपल्या पोरांच्या मोबाईलवर पांढरे कपडे, महागडी गाडी आणि हाजी मस्तानचं नाव अधूनमधून दिसतंच. पण हा माणूस नेमका कोण होता, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

मस्तानचा जन्म १९२६ सालचा, तमिळनाडूतल्या रामनाथपुरम भागातला. वयाच्या आठव्या वर्षी तो वालिदांसोबत मुंबईत आला. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात बापलेकांनी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवलं. त्यात भागेना, म्हणून १९४४ च्या सुमारास तो गोदीत हमालीला लागला.

तिथेच त्याला दुसरी वाट दिसली. सोन्याच्या आयातीवर सरकारची कडक बंधनं होती. १९६८ मध्ये तर सुवर्ण नियंत्रण कायदाच आला. बाहेर सोनं स्वस्त, इथे महाग आणि लग्नाच्या घरात मागणी कायम. या फरकावर तस्करी पोसली गेली. दमणच्या सुकर नारायण बखियासोबत मस्तानने आखातातून येणाऱ्या मालाचा धंदा वाढवला. बंगला आला, गाड्या आल्या, फिल्मी दुनियेतली ऊठबस आली. १९७५ च्या ‘दीवार’मधल्या नायकात लोकांना तोच दिसतो.

पण त्याच काळात तो तुरुंगातही होता. १९७४ मध्ये सरकारने तस्करांची धरपकड केली आणि आणीबाणीत त्याला आत राहावं लागलं. सुटल्यावर जयप्रकाश नारायण यांच्यासमोर त्याने आणि इतर काही तस्करांनी हा धंदा सोडण्याची शपथ घेतली. पुढे प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्यासोबत दलित-मुस्लिम एकजुटीची संघटना काढली. राजकारणात मात्र त्याला फारसं यश आलं नाही. १९९४ मध्ये त्याचा इंतकाल झाला. त्याआधीच, १९९० मध्ये, सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला होता. ज्या बंधनावर त्याची दौलत उभी राहिली, ते बंधनच उरलं नव्हतं.

मस्तानने गरिबांना मदत केली, असं जुने लोक सांगतात. केलीही असेल. पण हरामच्या कमाईतून दिलेल्या दानाने ती कमाई हलाल होत नाही. आणि एकाच्या नावाची किंमत मोहल्ल्यातल्या हजारोंना मोजावी लागते. घर भाड्याने बघताना, नोकरी मागताना आजही ती मोजतोच आपण.

त्याच गोदीत त्याच्यासोबत ओझी वाहणारे कितीतरी जण आयुष्यभर हमालच राहिले. त्यांनी घाम गाळून मुलं शिकवली. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला नाही. त्यांची गोष्ट घरात आपणच सांगायला हवी.