फादर स्टीफन्स आणि मराठी-कोंकणीचा भेद

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'क्रिस्तपुराणा'मुळे स्थिर झाले आहे. कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, या वादातही दोन्ही पक्ष त्यांच्याच नावाचा आधार घेत आले. त्यामुळे त्यांच्या चरित्राकडे भाषेच्या अंगाने पाहणे अगत्याचे ठरते.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. प्रॉटेस्टंट राजवटीत कॅथलिकांना स्वदेशी राहणे दुष्कर झाले असता ते रोमला गेले व १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. इटलीत त्या काळी तोस्कानाच्या बोलीवर घडलेली ग्रंथभाषा एक आणि प्रांतोप्रांतीची वाणी दुसरी, अशी स्थिती होती. नेपल्सची भाषा हे तिचे ठळक उदाहरण होय. तेथे शब्दान्तीचे स्वर अस्फुट होतात. एखादी वस्तू जवळ असणे सांगण्यास इटालियन 'आव्हेरे' हे क्रियापद योजते, तर नेपल्सचा माणूस 'तेने' वापरतो. बाझीलेचा कथासंग्रह १६३४ ते १६३६ या काळात याच भाषेत छापला गेला. म्हणजे ती केवळ बाजारची बोली राहिली नव्हती.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले स्टीफन्स २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मधील मृत्यूपर्यंत, त्यांचे कार्य मुख्यतः साष्टीत झाले. हे कार्य शांत वातावरणात चालले असे मानण्याचे कारण नाही. देवळे पाडली गेली होती आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले होते. त्याच वर्षी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते असे नोंदवले. विल्यम जोन्स यांच्या सुप्रसिद्ध व्याख्यानाच्या दोन शतके आधीचे हे निरीक्षण आहे.

साष्टीतही ग्रंथाची भाषा एक आणि घरातील भाषा दुसरी होती. पुराणे मराठीत ऐकली जात. बोलणे कोंकणीत चाले. मराठीतील 'मी' तेथे 'हांव' होतो, 'घोडा' 'घोडो' होतो, 'मला' म्हणण्याऐवजी 'म्हाका' म्हणतात, आणि 'आहे'च्या जागी 'आसा' येते. हा केवळ उच्चारभेद नव्हे. नाम, सर्वनाम व क्रियापद यांच्या रूपव्यवस्थेचाच तो भेद आहे.

जुनी पुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती समाजाला पर्यायी पुराण हवे होते. ते लिहिताना स्टीफन्स यांनी मराठी निवडली. मात्र प्राचीन कवींचे कठीण शब्द टाळून ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळल्याचे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. देशी लिपीत छपाई व्हावी यासाठी त्यांनी १६०८ मध्ये वरिष्ठांना लिहिले होते. पण युरोपीय लिपीला चोवीस साचे पुरत असता येथे सहाशेच्या आसपास साचे लागतील, ही अडचण त्या पत्रातच आहे.

उलट, ख्रिस्ती सिद्धांतांची प्रश्नोत्तरी त्यांनी लोकांच्या बोलण्यातील भाषेत रचली. ती १६२२ मध्ये, त्यांच्या पश्चात, छापली गेली. व्याकरणही त्यांनी त्याच भाषेचे लिहिले, मराठीचे नव्हे. दियोगु रिबेरु यांनी भर घातलेले ते व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे ते पहिले मुद्रित व्याकरण होय. पुराणावरून कोंकणीला बोली ठरवणारे या व्याकरणाला वळसा घालतात, तर व्याकरणावर भर देणाऱ्यांना पुराणाची भाषा अडचणीची होते. स्टीफन्स यांना दोन्ही भाषा हव्या होत्या, कारण श्रोत्यांना काव्य एकीतून आणि उपदेश दुसरीतून पोहोचत असे. यात भाषाप्रेमाइतकाच धर्मप्रचारकाचा व्यवहारही आहे, हे विसरता येत नाही.

पुराणाच्या पुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. १६८४ मध्ये मात्र व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. व्याकरण पुन्हा उजेडात यायला १८५७ साल उजाडले. कुन्य रिव्हार यांनी नव्या गोव्यात त्याची दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा १६४० च्या मुखपृष्ठावरील 'कानारीं' हे भाषानाम जाऊन तेथे 'कोंकणी' आले होते.