पीनट बटरचा शोध लावलाच नव्हता, तरी जॉर्ज कार्व्हर एवढे मोठे का ठरले?

वाचनाची थोडीफार आवड असलेल्या मराठी माणसाला एक अमेरिकन शास्त्रज्ञ हमखास माहीत असतो, तो म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. याचं श्रेय जातं वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकाला. १९८१ साली आलेलं हे पुस्तक आजही शाळेच्या बक्षिसात मिळतं, वाढदिवसाला दिलं जातं.

पण बऱ्याच जणांच्या डोक्यात उरतं ते एवढंच, की एक अनाथ पोरगा होता, त्याच्यात प्रचंड जिद्द होती आणि त्याने शेंगदाण्यापासून शेकडो वस्तू बनवल्या. एवढी जिद्द त्याला लागली कशासाठी, हा भाग मागे पडतो. आणि तोच भाग म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास.

गोष्ट सुरू होते मिसूरी राज्यातल्या डायमंड गावाजवळच्या एका शेतावर. साल साधारण १८६४. साधारण यासाठी, की गुलामांच्या पोरांच्या जन्मतारखा कुणी लिहून ठेवत नसे. जॉर्जची आई मेरी ही मोझेस कार्व्हर यांच्या मालकीची होती. म्हणजे कार्व्हर हे आडनावही मालकाचंच.

जॉर्ज तान्हा असताना रात्रीच्या वेळी टोळीने मायलेकरांना पळवलं. गुलाम पळवून दुसरीकडे विकणं हा तेव्हा धंदाच होता. मोझेस यांनी माणूस पाठवून पोराला सोडवून आणलं, बदल्यात एक घोडा दिला असं सांगतात. आईचा मात्र पुढे कधीच पत्ता लागला नाही.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली. मोझेस आणि त्यांची बायको सुझन यांनी जॉर्जला आणि त्याच्या भावाला घरातच वाढवलं, अक्षरओळखही करून दिली. पण गोऱ्यांच्या शाळेत काळ्या मुलाला जागा नव्हती. शिकायचं म्हणून तो पोरवयातच निओशो गावी गेला. तिथे मराया वॉटकिन्स या कृष्णवर्णीय बाईंनी त्याला आसरा दिला.

पुढे कॅन्सासमधल्या फोर्ट स्कॉट शहरात त्याने जमावाला एका काळ्या माणसाचा जीव घेताना पाहिलं. तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. त्याने ते शहरच सोडलं. नंतर हायलंडच्या कॉलेजने पत्राने प्रवेश दिला, पण तो दारात उभा राहिल्यावर, रंग पाहून नाकारला.

कपडे धुऊन, इस्त्री करून पोट भरत तो १८९० मध्ये आयोवातल्या सिम्पसन कॉलेजात पोचला, तेही चित्रकला शिकायला. त्याची झाडाफुलांची चित्रं पाहून शिक्षिका एटा बड यांनी त्याला शेतीशास्त्राकडे वळवलं. आयोवा स्टेटच्या कृषी महाविद्यालयाचा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला आणि नंतर पहिला कृष्णवर्णीय अध्यापकही.

१८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत बोलावलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने काळे आणि गोरे यांच्यासाठी रेल्वेत वेगळे डबे ठेवणं कायदेशीर ठरवलं होतं. कार्व्हर आयोवातली नोकरी सोडून नेमके अशा काळात दक्षिणेत गेले आणि मरेपर्यंत, म्हणजे जवळपास ४७ वर्षं, तिथेच राहिले.

दक्षिणेत गुलामगिरी कागदावर संपली होती, पण जमीन जुन्या मालकांकडेच होती. काळी कुटुंबं ती वाट्याने कसायची. बियाणं, किराणा सगळं उधारीवर, आणि पीक आलं की सगळं कर्जात वळतं व्हायचं. वर्षानुवर्षं कापूस घेऊन माती नापीक झाली होती. त्यात कापसाची बोंडं पोखरणारा भुंगा आला. आपल्याकडच्या गुलाबी बोंडअळीसारखंच संकट.

यावर कार्व्हर यांचा उपाय होता भुईमूग, चवळी आणि रताळी. भुईमूग आणि चवळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणून कापसासोबत ही पिकं आलटूनपालटून घ्यायची. कर्जबाजारी घराला खायलाही मिळतं, ते वेगळंच. साध्या भाषेतल्या पुस्तिका त्यांनी काढल्या. १९०६ मध्ये अवजारं आणि बियाणं लादलेली घोडागाडी थेट बांधावर पाठवायला सुरुवात केली.

पीनट बटर मात्र त्यांचा शोध नाही. १८८४ मध्येच कॅनडाच्या एका माणसाला शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट मिळालं होतं. कार्व्हर यांनी आयुष्यात पेटंट घेतली फक्त तीन. त्यांच्या तीनशे उपयोगांच्या यादीतही बऱ्याच साध्या पाककृती होत्या. हेतू कारखाना काढायचा नव्हता, गरिबाने घरातल्या घरात काय करता येईल हा होता.

तरीही लाखो काळी माणसं कापसाचं रान सोडून उत्तरेत गेली. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत, भट्टीजवळची तापलेली कामं त्यांच्या वाट्याला आली. मराठवाडा-विदर्भातून पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कंपन्यांत आलेल्या पोरांना या प्रवासाची कल्पना यावी, जातीऐवजी रंग एवढाच फरक. गंमत म्हणजे मोटारवाले हेन्री फोर्ड हेच म्हातारपणी कार्व्हर यांचे मित्र झाले.

कीर्ती एवढी मिळाली, पण १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलने त्यांना खोली द्यायला टाळाटाळ केली होती. ५ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. आयुष्यभराची बचत त्यांनी संशोधनासाठी दिली. त्याच वर्षी, ज्या शेतावर ते गुलाम म्हणून जन्मले, ते राष्ट्रीय स्मारक झालं. कृष्णवर्णीय माणसाच्या नावाचं अमेरिकेतलं हे पहिलंच. सार्वजनिक ठिकाणचा रंगभेद कायद्याने बंद व्हायला मात्र १९६४ उजाडावं लागलं.

त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या मुलाच्या हातात 'एक होता कार्व्हर' द्याल, तेव्हा शेंगदाण्यासोबत त्या घोड्याबद्दल, हायलंडच्या दाराबद्दल आणि रेल्वेच्या वेगळ्या डब्याबद्दलही त्याला नक्की सांगा.