केडगावची वाडी : पंडिता रमाबाई आणि उद्याची तरतूद



घरात किंवा घराबाहेर अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या एखाद्या संस्थेला आपण देणगी देतो, तेव्हा आपला पैसा लगेच कुणाच्या तरी उपयोगी पडावा अशी आपली साधी अपेक्षा असते. त्याच संस्थेने बँकेत काही रक्कम राखून ठेवली आहे असे कळले, की आपले मन थोडे खट्टू होते. गरज समोर असताना हा पैसा पडून का? कोठारांवर कोठारे बांधणाऱ्या शुभवर्तमानातल्या मूर्ख श्रीमंताची आठवण होते. ही शंका प्रामाणिक आहे. म्हणून आज आम्ही तिचे उत्तर एका मोठ्या स्त्रीच्या जीवनात शोधणार आहोत. पंडिता रमाबाईंची विद्वत्ता आणि सेवा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यांनी संस्थेच्या उद्याची काळजी कशी वाहिली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

रिकाम्या हातांचा अनुभव

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे मानण्याचा तो काळ. तरीही लोकांचा रोष पत्करून शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते लेकीला दिले. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगत गावोगाव फिरू लागले. जे मिळे ते यात्रा, दानधर्म आणि ब्राह्मणभोजन यांत खर्च होई. उद्यासाठी काही ठेवावे असा विचार त्या घरात नव्हता.

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. दागिने विकले, भांडीकुंडी विकली, मग विकायलाही काही उरले नाही. मोलमजुरीची सवय नाही आणि भीक मागायची लाज. १८७४ मध्ये वडील गेले. त्यानंतर थोड्याच काळात आई आणि थोरली बहीणही गेली. सोळा वर्षांच्या रमाबाईंनी घरातली माणसे उपासमारीने एकामागून एक जाताना पाहिली. अनंतशास्त्रींचे दान खरे होते, मनही निर्मळ होते. पण संकट आले तेव्हा घरात मूठभर धान्य नव्हते. हा अनुभव रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

थोरला भाऊ श्रीनिवास आणि त्या, अशी दोघे हजारो मैल पायी फिरली. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या साथीत पती गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. त्यांच्यापाशी निदान विद्या होती. देशातल्या हजारो बालविधवांपाशी तीही नव्हती. सासरचा छळ, केशवपन, अर्धपोटी राबणे आणि घरातल्याच पुरुषांची वाईट नजर, हे त्या मुलींचे जगणे होते.

रमाबाई पुण्याला आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला. फुलम येथे या भगिनींचे एक घर होते. समाजाने वाया गेलेल्या म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे मायेने वागवले जाई. हे रमाबाईंना अगदी नवे होते. विहिरीकाठी शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूची कथा त्यांनी याच सुमारास वाचली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. रमाबाई कॅथोलिक नव्हत्या, पण त्यांच्याकडून शिकायला ती अडचण नाही.

दहा वर्षांचे वचन

१८८६ मध्ये नात्यातल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या हजारो प्रती खपल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोस्टन शहरात ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष झाले. ठिकठिकाणी मंडळे निघाली आणि सभासदांनी दरवर्षी ठरावीक वर्गणी देण्याचे वचन दिले. मुदत होती दहा वर्षे.

दहा वर्षांचे वचन हे फार मोठे भाग्य. बहुतेक संस्थांना पुढच्या वर्षाचीही शाश्वती नसते. या बळावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. १८९० मध्ये ते पुण्याला नेले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांनीच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला.

त्याच १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. सदनातल्या मुली ख्रिस्ती होत आहेत, असा आरोप झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. सदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हे सदन केवळ गावातल्या वर्गणीवर चालत असते, तर त्या वर्षी बंद पडले असते आणि ज्या मुलींना परत जायला घर नव्हते त्यांचे काय झाले असते, याचा विचारच करवत नाही. दूरवरून येणारी ठरलेली मदत चालू राहिली म्हणून दार उघडे राहिले.

पण त्या मदतीलाही मुदत होती. १८९८ साल उजाडले की वचन संपणार. आठ-दहा वर्षांची पोर सदनात आली तर शिकून पायावर उभी राहायला तिला दहा वर्षे लागणार. म्हणजे १८९५ मध्ये दारात आलेल्या मुलीला आत घेताना १८९८ नंतर तिला कोण पोसणार, हा प्रश्न उरतोच. आज अत्याचारातून सुटून आलेल्या बाईची गोष्ट वेगळी नाही. तिचा खटला चालतो, मुले शिकत असतात, तुटलेले मन जुळायला वेळ लागतो. निधी संपला म्हणून मध्येच तिचा हात सोडणे म्हणजे तिला पुन्हा त्याच घरात ढकलणे.

विहीर आणि झाडे

रमाबाईंनी वचन संपण्याची वाट पाहिली नाही. मदत येत होती तेव्हाच त्यांनी अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खोदल्या. संत्री, लिंबे, आंबे अशी फळझाडे लावली. हिशोब सरळ होता. झाडे धरायला काही वर्षे लागतात. १८९८ येईपर्यंत ती उत्पन्न देऊ लागतील आणि वर्गणी आटली तरी सदनाला वाडीचा आधार राहील.

वाडी राखणारा माणूस हे लगेच समजेल. आंब्याचे कलम लावणारा पहिल्याच वर्षी फळ मागत नाही. पण त्याने ते लावलेच नाही तर दहाव्या वर्षीही त्याला फळ मागता येत नाही. आज ज्याला आपण राखीव निधी म्हणतो, तो रमाबाईंनी जमीन, पाणी आणि झाडे यांच्या रूपाने उभा केला. वर्गणीखेरीज मिळकतीची दुसरी वाट त्यामुळे खुली होणार होती.

कोठार उघडले

झाडे नीट धरण्याआधीच १८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई तिथे गेल्या. भुकेने सांगाडे झालेल्या मुली आणि अन्नाच्या आमिषाने त्यांना फसवणारे लोक त्यांनी पाहिले. मदत केंद्रांतही तरुण मुली सुरक्षित नव्हत्या. स्वतःचे सोळावे वर्ष त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असणार. त्यांनी सुमारे ३०० स्त्रिया व मुली आणण्याचे ठरवले. यांच्यासाठी कुणीही वर्गणीचे वचन दिलेले नव्हते.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता आणि शहरात नव्या मुली ठेवू देण्यास सरकारी अधिकारी तयार नव्हते. तेव्हा केडगावची जमीन कामी आली. उत्पन्नासाठी घेतलेल्या रानात आधी तंबू, मग झोपड्या आणि मग पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. त्यातून मुक्तिसदन वाढले.

येथे थोडे थांबून पाहू या. रमाबाई असे म्हणू शकल्या असत्या, की ही वाडी शारदा सदनाच्या मुलींच्या भविष्यासाठी आहे, तिला हात लावता येणार नाही. त्यांनी तसे केले नाही. ज्या दिवसासाठी राखून ठेवले तो दिवस ठरल्यापेक्षा आधी आणि वेगळ्या रूपात आला, हे त्यांनी ओळखले आणि कोठार उघडले. १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेत गेल्या. जुन्या असोसिएशनची मुदत संपली होती, पण नव्या रूपात ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली आणि मदत चालू राहिली. गुजरातच्या १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीमधली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पुरुषांच्या वासनेला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीतिसदन अशी निरनिराळी घरे झाली. शेती, विणकाम, शिवण, दुधाची जनावरे, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग निघाले. ज्यांना समाजाने ओझे ठरवले होते त्याच बायका खिळे जुळवू लागल्या, पुस्तके बांधू लागल्या. त्यांच्या हातातले कसब हीसुद्धा शिल्लकच होती, आणि संस्था सोडून जाताना प्रत्येकीला ती बरोबर नेता येत होती.

श्रद्धा आणि तरतूद

कोणी म्हणेल, हा सारा हिशोब कशाला? देव पुरवणारा नाही काय? रमाबाईंनीही हे मनापासून मानले. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालवत. त्यांच्या चरित्राने रमाबाई भारावून गेल्या होत्या आणि रोजच्या भाकरीसाठी त्या देवावरच विसंबून राहत. तरीही त्यांनी विहिरी बुजवल्या नाहीत की घाणा थांबवला नाही. या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही.

पवित्र शास्त्रातही दोन्ही गोष्टी आहेत. रानात मिळालेला मान्ना दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवला तर त्याला किडे पडले. मिसरात मात्र योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले आणि त्यावर कितीतरी लोक जगले. मूर्ख श्रीमंताची कोठारे आणि योसेफाची कोठारे बाहेरून सारखीच दिसली असती. श्रीमंताचे धान्य त्याच्या एकट्याच्या सुखासाठी होते, तर योसेफाचे भुकेल्यांसाठी होते आणि दुष्काळ येताच ते बाहेर निघाले. संत थॉमस अक्वायनस दूरदृष्टीला सुज्ञतेच्या सद्गुणाचा भाग मानतात. पुढचे पाहून आजची पावले टाकणे हा अविश्वास नव्हे. देवाने दिलेल्या बुद्धीचा तो योग्य वापर आहे.

आपल्यासाठी

तेव्हा एखाद्या आश्रयगृहाच्या हिशोबात राखीव निधी दिसला तर आपण नाराज होऊ नये. मात्र डोळे मिटूनही घेऊ नयेत. हा निधी कोणासाठी आहे, किती महिन्यांचा खर्च त्यातून निघेल आणि तो कोणत्या प्रसंगी व कोणाच्या संमतीने वापरला जाईल, हे आपण विचारावे. निदान तीन ते सहा महिन्यांचा खर्च हाताशी असावा, असे जाणकार सांगतात. तो वेगळ्या खात्यात असावा, नियम लेखी असावेत आणि हिशोब उघडा असावा. सारी भिस्त एकाच देणगीदारावर नसावी. जी संस्था या प्रश्नांची सरळ उत्तरे देते तिच्यावर आपण भरवसा ठेवू शकतो.

आपल्या देण्याच्या सवयीचाही विचार करू या. सणावाराला आपण धान्य, कपडे, मिठाई देतो. त्याचे मोल आहेच. पण बोस्टनच्या लोकांनी दहा वर्षे दरसाल वर्गणी दिली, त्यामुळे रमाबाईंना पुढचा विचार करता आला. दिवाळीत किंवा नाताळात एकदा दिलेल्या मोठ्या रकमेइतकीच, कधी तिच्याहूनही अधिक, दर महिन्याला न चुकता दिलेली लहान रक्कम अशा घराला उपयोगी पडते. आणि नावाची पाटी लागणार नाही अशा कामासाठी, म्हणजे उद्याच्या तरतुदीसाठी देणे, हे तर खरे गुप्तदान.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईनंतर काम तीच सांभाळणार होती. बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे आपले काम रमाबाईंनी तशा स्थितीतही तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संस्थापिका गेली, वारसदार आधीच गेली होती, तरी केडगावचे दार बंद झाले नाही. त्या वेळी जन्मालाही न आलेल्या कितीतरी मुली पुढे त्या दारातून आत आल्या आणि आजही मुक्ती मिशनचे काम तिथे चालू आहे.

या आठवड्यात अत्याचार सोसलेल्या आपल्या भगिनींसाठी आणि त्यांना आसरा देणाऱ्यांसाठी घरोघरी प्रार्थना करू या. आजच्या भुकेल्याला देणारा हात आणि उद्या येणाऱ्या भगिनीची आठवण ठेवणारे मन, ही दोन्ही प्रभू आपल्याला देवो.