चांदी जरा जास्त तापली आणि शेफील्डला नवा धंदा मिळाला

डाग न वापरता, नुसत्या टॉर्चच्या ज्योतीवर चांदीचे दोन तुकडे जोडताना एक क्षण फार महत्त्वाचा असतो. चांदी अचानक पाण्यासारखी चकाकते. ज्योत तेव्हाच मागे घेतली तर जोड पक्का बसतो. उशीर झाला तर सगळ्याचा गोळा होतो.

१७४३ मध्ये इंग्लंडमधल्या एका कारागिराचा अंदाज असाच चुकला. त्याचं नाव थॉमस बोल्सोव्हर.

बोल्सोव्हरचा जन्म १७०५ चा, शेफील्डजवळचा. शेफील्ड म्हणजे चाकू-सुऱ्या बनवणाऱ्यांचं गाव. तोही त्याच कामात तयार झाला आणि पुढे त्याने स्वतःचं दुकान थाटलं.

असं सांगितलं जातं की, तो एका चाकूची मूठ दुरुस्त करत होता. मुठीत चांदी आणि तांबं दोन्ही होतं. ताप जास्त झाला, चांदी वितळू लागली आणि तांब्याला चिकटली. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. बोल्सोव्हरने मात्र तो तुकडा लाटून पाहिला. दोन्ही धातू एकाच पत्र्यासारखे पसरले!

हे झालं कसं? चांदी सुमारे ९६२ अंशांना वितळते, तांबं १०८५ अंशांना. पण दोन्ही जिथे एकमेकांना टेकतात, तिथे त्यांचं मिश्रण तयार होतं आणि ते ७८० अंशांच्या आसपासच वितळतं. हाच पातळ थर दोघांना बांधून ठेवतो. वेगळा डाग लावावा लागत नाही.

यातूनच पुढे एक पद्धत बसली. तांब्याच्या लगडीवर चांदीची पट्टी ठेवायची, तारेने घट्ट बांधायची, कडांना टाकणखार लावायचा आणि भट्टीत घालायची. कडेला चकाकती रेघ दिसली की लगेच बाहेर काढायची. मग लाटून पत्रा करायचा. वरून बघणाऱ्याला चांदीच दिसायची, किंमत मात्र बरीच कमी.

बोल्सोव्हरने या पत्र्यापासून बटणं आणि छोट्या डब्या बनवल्या. धंदा चालला, पण त्याने पेटंट घेतलं नाही आणि गुपित फार काळ टिकलं नाही. शेफील्डच्याच जोसेफ हॅनकॉकने त्याच पत्र्यातून मेणबत्तीचे स्टँड आणि मोठी भांडी घडवली. बर्मिंगहॅममध्ये मॅथ्यू बोल्टनने मोठा कारखाना चालवला. चांदीची भांडी न परवडणाऱ्या मध्यमवर्गाच्या टेबलावर ही भांडी पोहोचली.

बोल्सोव्हर तोवर पोलादाकडे वळला होता. करवतीसाठी लागणारे पत्रे लाटण्याच्या कामात त्याने चांगला जम बसवला. १७८८ मध्ये तो वारला. जगाने त्याच्या शोधाला ‘शेफील्ड प्लेट’ म्हटलं. म्हणजे नाव झालं ते गावाचं.

१८४० मध्ये विजेच्या मदतीने मुलामा देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं आणि ही जुनी रीत मागे पडली. पण त्या काळची भांडी आजही संग्राहकांकडे आहेत. वापरून झिजलेल्या जागी चांदीखालून लालसर तांबं डोकावतं. चाकूच्या त्या मुठीत एकत्र आलेली ही जोडी अजून सुटलेली नाही.